मेमंद
मेमंद : इराणच्या केर्मान प्रांतातील फार्सीभाषी गाव. शहर-ए-बाबक या शहराच्या ईशान्येस सुमारे 35 किमी.वर, मध्य इराणी पर्वतरांगांच्या दक्षिण टोकाशी, एका दरीच्या शेवटाशी ते वसले आहे. उंची समुद्रसपाटीपासून 2,200 मी.च्या आसपास. हवा कोरडी, हिवाळा कडक. गावच्या बोलीत पहलवीतले (इस्लामपूर्व काळच्या फार्सीतले) काही जुने शब्द टिकून आहेत.

लोकसंख्या 673, कुटुंबे 181 (2006 ची जनगणना). हा आकडा जपून वाचावा लागतो, कारण मेमंदकर वर्षभर एका जागी राहत नाहीत. हिवाळा सरता सरता ते शेळ्यामेंढ्या घेऊन खालच्या माळावरच्या ‘सर-ए-आगोल’ला जातात आणि वसंत संपेपर्यंत तिथे राहतात. उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत मुक्काम असतो ‘सर-ए-बाग’मध्ये, हंगामी ओढ्यांकाठच्या वाड्यांत (यातली ‘बाग’ म्हणजे आपलीच बाग). थंडी पडली की दरीतल्या गावात परत. इराणची 2006 ची शिरगणती ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली, म्हणजे नेमकी परतण्याच्या दिवसांत. नाव गावात, जनावरे कुरणावर आणि तरुण मुलगा शहरात कामाला, असे एकच कुटुंब तीन ठिकाणी विखुरलेले असू शकते. बारमाही वस्ती कागदावरच्या संख्येहून बरीच कमी असते.

मेमंदची ख्याती त्याच्या घरांमुळे आहे. ती बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. ज्या मऊ खडकात ती खोदली त्याला तिथे ‘कमर’ म्हणतात. आपल्या कमरपट्ट्यातला शब्द तोच. आधी उतारात आत शिरणारा आडवा चर घेतात. चर आत जाईल तशी समोरची भिंत उंच होत जाते. ती पुरेशी उंच झाली की तिच्यात खोल्या कोरायला घेतात. चर आणि त्यावर उघडणाऱ्या खोल्या मिळून होते ‘कीचे’. अशा सुमारे 400 कीचे आहेत, पण धड अवस्थेतल्या 123 च. एका घरात एक ते सात खोल्या, उंची साधारण 2 मी. खिडकी नसते, उजेड दारातूनच येतो. मशीद आणि हमामही खडकातच कोरलेले आहेत.

खोलीत चूल पेटते, धुराने भिंती काळ्याकुट्ट होतात. पाहुण्याला ही अस्वच्छता वाटते, पण काजळीचा थर मऊ खडकाला धरून ठेवतो आणि किडे दूर ठेवतो. म्हणूनच बंद पडलेले घर लवकर बिघडते: चूल विझलेली, काजळी झडू लागलेली, पावसाचे पाणी मुरत असलेले आणि पडझड वेळीच पाहायला घरात कोणी नाही.

पाणी कनातींतून (भूमिगत कालव्यांतून), झऱ्यांतून आणि हंगामी ओढ्यांतून मिळते. उपजीविका शेळ्यामेंढ्या, छोट्या वाफ्यांतली शेती आणि रानातल्या औषधी वनस्पतींवर चालते.

सांस्कृतिक भूदृश्याच्या जतनासाठी गावाला 2005 मध्ये युनेस्कोचे मेलिना मर्कुरी पारितोषिक मिळाले. 2015 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. नोंद एकट्या गुहांची नाही, तिन्ही मुक्कामांसह सुमारे 4,950 हेक्टर प्रदेशाची आहे, आणि ते योग्यच आहे.

शहर-ए-बाबकचा मुंबईशी जुना धागा आहे. अठराव्या शतकात निझारी इस्माइली या शिया पंथाचे इमाम (धर्मप्रमुख) तिथे राहत. त्याच घराण्यातले पहिले आगाखान पुढे मुंबईत स्थायिक झाले, 1881 मध्ये वारले. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे.

नावाचा घोळ टाळावा : फार्स प्रांतातले, गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध असलेले मेमंद वेगळे. गझनीच्या महमूदाचा वजीर अहमद मैमंदी याचे गावही हे नव्हे. ते आजच्या अफगाणिस्तानात येते.