खुर्चीच्या डाव्या बाजूला : डेंटल असिस्टंटच्या संध्याकाळच्या वर्गाविषयी

हे पत्रक आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. वर्ग इंदूरच्या रामबागेत भरतो, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. चालवणाऱ्या आम्ही दोघी. एक दातांची डॉक्टर, दुसरी एकवीस वर्षं डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी काम केलेली असिस्टंट. हे लिहितेय ती दुसरी.

आधी, काय होणार नाही ते

या वर्गाने तुम्ही डॉक्टर होत नाही हे सगळ्यांना कळतं. हायजिनिस्टही होत नाही, हे पुष्कळांना कळत नाही. 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डॉक्टरांखेरीज डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या-कॅप बनवणारे) अशी दोन कामं वेगळी ओळखली गेली. त्यांचे अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे, मान्यता असलेल्या कॉलेजातले. 2023 मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा केला, तरी संध्याकाळच्या वर्गातून कोणी हायजिनिस्ट होत नाही, ते तसंच राहिलं. आमच्या प्रमाणपत्रावर आमच्या दोघींची सही असते, सरकारी नोंदणी नसते.

म्हणजे कामात फरक असा की दातांवरचं किटण काढणं, इंजेक्शन देणं, दात कोरणं यातलं काहीही असिस्टंटने करायचं नाही. गर्दीच्या दिवशी एखाद्या क्लिनिकमध्ये सहज म्हणतात, "साधंच तर आहे, तूच स्केलिंग करून टाक." तेव्हा नाही म्हणायचं. नोकरी न घालवता नाही कसं म्हणायचं, यावर आमचा एक अख्खा तास असतो, आणि मला विचाराल तर तो सगळ्यात कामाचा.

"शंभर टक्के नोकरी" असं आम्ही कुठे छापत नाही. पगाराचे आकडेही नाही. ते क्लिनिकगणिक बदलतात, आणि आम्ही छापलेला आकडा घेऊन कोणी मालकाशी भांडायला गेलेलं आम्हाला नको.

मग शिकायचं काय

उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर पेशंटच्या उजवीकडे बसतो, असिस्टंट डावीकडे. पेशंटचा चेहरा म्हणजे घड्याळाची तबकडी समजा, डोक्याचं टोक बारावर. सात ते बारा ही डॉक्टरांची जागा, दोन ते चार तुमची. बारा ते दोनमध्ये ट्रॉली. चार ते सात म्हणजे हनुवटीच्या खाली, छातीवर. इन्स्ट्रुमेंटची देवाणघेवाण तिथेच होते. पेशंटच्या डोळ्यांवरून काहीही न्यायचं नाही, कापसाचा बोळासुद्धा नाही. तुमचं स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच ठेवायचं, नाहीतर तोंडात काय चाललंय ते दिसत नाही आणि महिनाभरात मान धरते.

उजव्या हातात सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारी नळी), डाव्या हाताने देणं-घेणं. वापरलेलं इन्स्ट्रुमेंट करंगळीने परत घ्यायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने व दोन बोटांनी पुढचं डॉक्टरांच्या बोटांत टेकवायचं, टोक ज्या दाताकडे जायचं त्या बाजूला करून. डॉक्टरांनी मान वळवायची नाही. वाचताना सोपं वाटतं. पहिले पंधरा दिवस मुली दोन पेन्सिली घेऊन घरी टीव्हीसमोर हेच करत बसतात. जमलं की एक दिवस आपोआप हात पुढे जातो, डॉक्टरांनी मागायच्या आधी. त्या दिवशी वर्गात पोहे-जिलेबी असते.

सक्शनची नळी गालात कुठेतरी टांगून ठेवणं म्हणजे असिस्टंट नव्हे. ती कामाच्या दाताच्या जरा मागे हवी, आणि टाळूच्या मऊ भागाला लागता कामा नये. लागली की पेशंटला उमळून येतं आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं.

माठातलं पाणी

माझ्या नोकरीचा पहिला मे महिना. एका काकूंच्या कवळीचं माप घ्यायचं होतं. अल्जिनेटची पावडर मी चमच्याने नीट मोजून घेतली, नळाचं पाणी घातलं आणि रबरी वाटीच्या कडेला घोटायला लागले. नळाचं पाणी म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं. दुपारचे साडेतीन. ट्रे भरून तोंडापर्यंत नेते तोवर मिश्रण वाटीतच घट्ट. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं. काकूच म्हणाल्या, "अगं, माठातलं घे ना."

पाणी जितकं गरम तितकं अल्जिनेट लवकर बसतं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. इंदूरच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी किती तापतं, ते मात्र डब्यावर नसतं. म्हणून आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून पाण्यात थर्मामीटर बुडवायची सवय लावतो. डबा आधी उलटासुलटा करून पावडर मोकळी करायची, मग सपाट चमचा घ्यायचा. माप निघालं की ते उघडं ठेवायचं नाही. सुकलं की आक्रसतं. ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि लवकरात लवकर त्यात प्लास्टर ओतायचं. "लॅबवाला संध्याकाळी येईल" म्हणून दिवसभर टेबलावर पडलेल्या मापाची कॅप दाताला बसत नाही, आणि शिव्या लॅबवाल्याला पडतात.

ग्लास आयनोमर सिमेंट, झिंक ऑक्साइड-युजेनॉल (दातांच्या दवाखान्याला तो लवंगेचा वास येतो तो याचा), कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) घट्ट करणारा निळा दिवा आणि त्यापुढची नारिंगी ढाल, हे सगळं हाताने करून घेतो. सिमेंट चमकतं आहे तोवरच दातात गेलं पाहिजे, चमक गेली की ते फेकायचं. इथे तपशील देत नाही. कागदावर वाचून हात बसत नाही.

कुकर आणि कचरागाडी

इन्स्ट्रुमेंटवरचे जंतू मारायचा ऑटोक्लेव्ह म्हणजे थोरला कुकरच. दाबही घरच्या कुकरच्या आसपासचा, 15 पौंड. पण इथे शिट्ट्या मोजून भागत नाही. 121 डिग्री सेल्सिअसला पोहोचल्यावर वेळ मोजायला सुरुवात करायची, आणि पाउचमध्ये बंद केलेल्या इन्स्ट्रुमेंटना 30 मिनिटं द्यायची. त्याआधी ती घासून, धुऊन, कोरडी केलेली हवीत. रक्त वाळून चिकटलेलं असेल तर वाफ खालपर्यंत पोहोचत नाही. पाउच एकावर एक कोंबायचे नाहीत, उभे आणि मोकळे ठेवायचे. डब्यात इडलीपात्र ठासून भरलं की मधल्या इडल्या कच्च्या राहतात, तसंच.

पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे तिला वाफ लागली, एवढंच कळतं. जंतू मेले की नाही ते ती सांगत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूच्या बीजाणूंची कुपी आत ठेवून तपासतात. ही चाचणी होते का, असं नोकरीच्या मुलाखतीत तुम्ही विचारलंत तर डॉक्टर तुमच्याकडे नीट बघतील.

कचऱ्याच्या बाबतीत आपण इंदूरवाले आधीच अर्धे शिकलेले असतो. 2017 पासून शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर येत गेला तो घरोघरी ओला-सुका वेगळा केल्यामुळे. गाडीचं गाणं ऐकू आलं की आजीसुद्धा दोन डबे घेऊन दारात येते. क्लिनिकचे रंग वेगळे आहेत, 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार. रक्ताचा गॉज आणि काढलेला दात पिवळ्यात. हातमोजे, सक्शनची प्लास्टिक टोकं लाल पिशवीत. सुई आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्यातही नाही, कारण जाळला की त्यातला पारा वाफ होऊन उडतो. तो वेगळा ठेवायचा. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि महापालिकेच्या गाडीत कधीच टाकायचा नाही.

सुई टोचलीच तर हात साबण-पाण्याने धुवायचा, पिळायचा नाही, बोट तोंडात घालायचं नाही, आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. एचआयव्हीविरुद्धची औषधं सुरू करायची असतील तर 72 तासांच्या आत, आणि खरं तर पहिल्या दोन तासांत. लाजून दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्या मुली मी पाहिल्यात. हिपॅटायटिस बीची लस प्रवेशाच्या वेळीच सुरू करायला सांगतो: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. पहिला डोस झाल्याशिवाय क्लिनिकमध्ये पाठवत नाही. यावर वाद घालू नका.

एक जुनी गोष्ट

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला केल्स नावाचे दंतवैद्य होते. 1885 मध्ये त्यांनी मॅलव्हिना क्युरिया या मुलीला कामावर ठेवलं. पहिली डेंटल असिस्टंट म्हणून तिचंच नाव सांगतात. दवाखान्यात बाई हजर असते हे कळल्यावर बायका कोणाला सोबत न घेता येऊ लागल्या. हे वाचून मला हसू आलं, कारण आजही आपल्याकडे सुनेला दाखवायला आणणारी सासू आधी विचारते, "आत ताई आहेत ना?"

याच केल्सनी एक्स-रे निघाल्याबरोबर तो दातांसाठी वापरायला सुरुवात केली. यंत्र नीट लागलंय का ते बघायला स्वतःचा हात किरणांसमोर धरायचे. आधी बोटं गेली, मग हात गेला. म्हणून आमचा नियम: एक्स-रेचा सेन्सर (आता फिल्मच्या जागी असतो तो) होल्डरमध्ये किंवा पेशंटच्या स्वतःच्या बोटाने, असिस्टंटच्या बोटाने कधीच नाही. बटण दाबताना सहा फूट लांब किंवा आडोशाला. दिवस गेले असतील तर पहिल्या दिवशी आम्हाला सांगा. कोणाला कळणार नाही, पण एक्स-रेपासून तुम्हाला लांब ठेवू.

पेशंटशी बोलणं

घरी मराठी, खुर्चीशेजारी हिंदी, आणि सांवेर-देपालपूरकडचे आले की माळवी; हे आपल्याकडच्या मुलींना शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते काय विचारायचं. साखर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. चालू असेल तर "दोन दिवस बंद करा" असं आपल्या मनाने सांगायचं नाही, डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्यायचं. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड किती उघडतं ते बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर पेशंट आत जायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं.

फोनवर एक आई रडत असते, पोराचा पुढचा दात पडून हातात आलाय. कायमचा दात असेल तर मुळाला हात लावू नका, वरच्या भागाला धरा, दुधात टाका आणि तासाच्या आत, जमलं तर अर्ध्या तासात या. हे चार शब्द तिला डॉक्टर नाही, तुम्ही सांगणार असता.

दातांचे नंबर पहिल्याच आठवड्यात पाठ. 26 ला सव्वीस म्हणायचं नाही, दोन-सहा म्हणायचं: दोन म्हणजे वरची डावी बाजू, सहा म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा. दुधाच्या दातांना पहिला आकडा पाच ते आठ.

घरच्यांसाठी

वर्ग संध्याकाळी ठेवलाय तो दिवसा दुकानात, शाळेत, स्वयंपाकात असणाऱ्यांच्या सोयीसाठी. पण एक गोष्ट आधी बोलून घ्या. इंदुरातली बरीचशी क्लिनिकं दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी पाच ते नऊ गजबजतात. नोकरी त्याच वेळेची. साडेआठला सुटणारा वर्ग जर घरी चालत नसेल, तर नऊला सुटणारं क्लिनिक कसं चालेल? फी भरण्याआधी हे ठरवा. दोन वर्षांपूर्वी एका हुशार मुलीने शेवटच्या महिन्यात सोडलं ते याच कारणाने, आणि चूक तिची नव्हती.

बांगड्या आणि अंगठ्या काढाव्या लागतात, नखं कापलेली लागतात. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत चालतं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं. मुलगेही येतात, दर तुकडीत दोन-तीन असतात.

बाकीचं थोडक्यात

तुकडी बारा जणांची, दोन खुर्च्या. पाच महिने वर्ग, मग सहा आठवडे प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये, तेही संध्याकाळी. दहावी पास पुरे; इंग्रजी वाचता आलं पाहिजे, कारण औषधांची नावं इंग्रजीत असतात. बोलता नाही आलं तरी चालेल. फी चौदा हजार, तीन हप्त्यांत. ॲप्रन आणि हातमोजे त्यातच, लसीचा खर्च तुमचा. पहिल्या पंधरा दिवसांत सोडलंत तर भरलेला हप्ता परत.

रक्त बघून चक्कर येईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आली तर आडवं झोपवून पाय वर करतो, पेशंटला करतो तसंच. बहुतेकांची दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाते.

कुठल्याही मंगळवारी येऊन एक वर्ग फुकट बघा. बंद बूट घालून या, चपलांवर आत घेत नाही. आईला किंवा नवऱ्याला बरोबर आणलंत तर त्यांनाही बसायला स्टूल आहे. दोन पेन्सिली आणा.