वाळवंटाचा आवाज ठरवला कोणी?

पडद्यावर वाळूच्या टेकड्या दिसल्या की मागे काय वाजणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. खर्जात धरून ठेवलेला एक लांब स्वर, त्यावर एकट्या फुंकवाद्याची आर्त लकेर आणि मधूनच डफावर थाप. हा साचा कुठून आला याचा माग काढू लागलं, की आपण सहारात नाही, पॅरिसच्या सभागृहात जाऊन पोहोचतो.

फेलिसियाँ दाव्हिद हा फ्रेंच संगीतकार १८३० च्या दशकात इजिप्तला गेला होता. जाताना सोबत पियानोही नेला होता! परतल्यावर त्याने वाळवंटावर वाद्यवृंद, गायन आणि निवेदन असलेली एक मोठी रचना केली. डिसेंबर १८४४ मध्ये ती पॅरिसमध्ये सादर झाली आणि गाजली. तिच्या आरंभी तंतुवाद्यं एकच स्वर लांबवत राहतात. क्षितिजापर्यंत काहीच नाही, हे स्वरांतून सांगायची ही युक्ती पुढे अनेकांच्या कामी आली. बोरोदिनने १८८० मध्ये मध्य आशियातली उघडी माळरानं उभी केली ती व्हायोलिनच्या अतितार स्वराने, आणि पूर्वेची धून दिली इंग्लिश हॉर्नला, म्हणजे ओबोच्याच जातीच्या खालच्या सुराच्या फुंकवाद्याला. वाद्यं सगळी युरोपच्या नेहमीच्या वाद्यवृंदातलीच. सनईच्या कुळातला ओबो तिथे हाताशी होता, म्हणून 'पूर्वे'चं काम त्याच्या गळ्यात पडलं.

त्याच काळात एक स्वरांतरही पक्कं झालं : कोमल रिषभावरून थेट शुद्ध गंधारावर. अरबी संगीतात हिजाझ नावाच्या मकामात, म्हणजे तिथल्या रागासारख्या स्वररचनेत, ते आहे, त्यामुळे निवड अगदीच हवेतली नव्हती. पण मराठी कानाला ही जागा भैरवातली वाटते. पहाट, देऊळ, काकडआरती असंच काहीतरी आठवतं. वाळू त्यात कुठेच नाही. उलट ज्या वाळवंटाशी आपला खरोखर संबंध येतो, त्या थरची ओळख झालेला मांड हा राग बिलावल थाटाचा, म्हणजे मुळात शुद्ध स्वरांचा. 'केसरिया बालम' गुणगुणून बघा, ती उडी सापडणार नाही.

सिनेमाने हा साचा उचलला आणि आपल्या परीने वाढवला. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त मोरिस जारने भल्यामोठ्या वाद्यवृंदात ओंद मार्तेनो हे फ्रेंच विद्युतवाद्य मिसळलं. पुढे १९८८ चा ख्रिस्तजीवनावरचा एक चित्रपट आणि २००० चा 'ग्लॅडिएटर' यांतून दुदुक हे फुंकवाद्य जगाच्या कानी पडलं, आणि ते वाळवंटाचं वाद्यच होऊन बसलं. मुळात दुदुक आर्मेनियाचं. जर्दाळूच्या लाकडाचं. आर्मेनिया हा डोंगराळ मुलुख, वाळवंट नव्हे! आवाज उदास आणि माणसाच्या गळ्याजवळचा आहे म्हणून ते खपून गेलं, एवढंच.

थरमध्ये मात्र वाद्यं हाताशी जे होतं त्यातून आणि यजमानांच्या दारातून घडली. मांगणियार ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची जमात; ते पिढ्यानपिढ्या यजमानांकडे, मुख्यतः राजपुतांकडे, लग्न-बारशाला गातात. त्यांचा कमायचा हे गजाने वाजवायचं वाद्य, आंब्याच्या लाकडाचं. गोल पोटावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या, खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफांच्या तारा. आवाज घोगरा, जाड आणि भरदार. लंगा या दुसऱ्या गायक-वादक जमातीची सिंधी सारंगी त्याहून धारदार. खडताल म्हणजे शिसवीच्या चार पट्ट्या, प्रत्येक हातात दोन. भोपा, म्हणजे लोकदेव पाबूजीचा पुजारी-गायक, त्याची चित्रपटावर रंगवलेली कथा (पड) गाताना रावणहत्था हे गजाचं वाद्य वाजवतो; त्याचं भांडं नारळाच्या करवंटीचं, म्हणजे वाळवंटातल्या वाद्याला माल समुद्रकाठचा.

हा आवाज शहरापर्यंत पोहोचायला लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींसारखा माणूस लागला. त्यांनी आणि राजस्थानी लेखक विजयदान देथांनी १९६० मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभं केलं. लंगा-मांगणियारांचं संगीत ध्वनिमुद्रित झालं, कलावंत परदेशी मंचांवर गेले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. हिंदी सिनेमाही या वाटेने गेला. जैसलमेरच्या परिसरात चित्रित झालेल्या 'रेश्मा और शेरा'साठी (१९७१) जयदेवांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'लेकिन'च्या संगीतासाठी तो हृदयनाथ मंगेशकरांना मिळाला. त्यात लताबाईंच्या गळ्यातून मांड आला, आणि वाळवंट उभं करायला तो गळाच पुरेसा होता, असं माझं मत. वाद्यं मागाहून येतात.

आज मांगणियारांच्या बैठकीत हार्मोनियम सर्रास दिसते. कमायचा शिकणारे थोडे. शहरातल्या स्टुडिओत मात्र 'राजस्थानी' तुकडा हवा असला की हार्मोनियम बाजूला ठेवून खडताल आणि मोरचंग (दातांत धरून वाजवायचं लोखंडी वाद्य) मागवतात.

सहारातही गंमत अशीच. तिथल्या भटक्या तुआरेग जमातीतल्या बायका इमझाद हे गजाचं वाद्य वाजवतात : अर्ध्या भोपळ्यावर कातडं आणि घोड्याच्या केसांची एकच तार. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. पण तुआरेग तरुणांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गिटार हाती घेतली. टिनारिवेन या त्यांच्या गटाच्या प्रमुखाने आपली पहिली गिटार तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून केली होती. पुढे विजेवरच्या गिटारी आल्या, निर्वासितांच्या छावण्यांतून कॅसेटी फिरल्या, आणि २०१२ मध्ये या गटाला ग्रॅमी मिळालं.