उरलेल्या लहरींवरचा रेडिओ

परदेशातल्या दक्षिण आशियाई रेडिओविषयी लिहिताना बहुतेक जण गाण्यांपासून आणि निवेदकांपासून सुरुवात करतात. पण ही स्टेशनं कुठे, केव्हा आणि किती टिकली हे ठरलं फ्रिक्वेन्सीवरून. ज्या लहरी इतरांना नकोशा झाल्या होत्या, त्यांवर काही हिकमती माणसांनी आपलं बस्तान बसवलं.

ब्रिटनमध्ये पहिलं पाऊल बीबीसीनेच टाकलं. १९६५च्या ऑक्टोबरात ‘अपना ही घर समझिए’ हा रविवार सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. महेंद्र कौल आणि सलीम शाहिद हे त्याचे परिचित चेहरे आणि आवाज. भारतीय आणि पाकिस्तानी दोघांनाही कळावी म्हणून भाषा मुद्दाम साधी हिंदुस्तानी ठेवलेली. इंग्रजी शिका, इथल्या रीतीभाती समजून घ्या, असा एकूण सूर. हेतू चांगला होता. पण काय ऐकायचं हे श्रोत्यांनी ठरवावं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ते बदललं लेस्टरमध्ये. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘इकडे येऊ नका’ असं कळवलं. तरीही हजारो लोक आले, त्यांत गुजराती सर्वाधिक. १९७६च्या स्थानिक निवडणुकीत वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटला शहरात भरघोस मतं पडली. बीबीसीचं पहिलं स्थानिक रेडिओ स्टेशन १९६७ सालीच लेस्टरमध्ये निघालं होतं. त्याचे व्यवस्थापक ओवेन बेंटली यांनी त्या वातावरणात आशियाई श्रोत्यांसाठी रोज संध्याकाळी सहाचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा अर्धा तास देणं आणि रोज ठरलेल्या वेळी येणं यांत मोठा फरक आहे. रोजच्या कार्यक्रमालाच बातमीदार लागतो, फोन येतात, कुणाच्या दुकानाची काच फुटली ते त्याच दिवशी सांगता येतं.

पुढचा टप्पा तांत्रिक कारणाने आला. बीबीसीची स्थानिक स्टेशनं एकच कार्यक्रम मीडियम वेव्ह आणि एफएम अशा दोन्हींवर लावत. ही दुहेरी चैन बंद करा, नाहीतर लहरी परत द्या, असा सरकारचा रेटा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढला. मुख्य श्रोते एफएमवर गेलेच होते. रिकाम्या होऊ घातलेल्या मीडियम वेव्हवर आशियाई कार्यक्रम बसले, आणि ३० ऑक्टोबर १९८८ रोजी लेस्टर आणि वेस्ट मिडलंड्स (बर्मिंगहॅमचा परिसर) यांचं मिळून एशियन नेटवर्क सुरू झालं, आठवड्याला सुमारे ७० तासांचं.

मीडियम वेव्ह मिळाली म्हणजे काय मिळालं, हे नीट पाहायला हवं. लेस्टरच्या ८३७ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३५८ मीटर. पाव तरंगलांबीचा मनोरा उभारायचा तर जवळजवळ ९० मीटर उंची लागते. म्हणजे नवख्याला ते परवडणारं नाही, आधीचा मनोरा वारशाने मिळाला तरच जमतं. युरोपात मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असल्याने आवाजाला जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झची रुंदी उरते. तबल्याच्या चाटीची धार, बासरीतली फुंक, झांजेचा झणत्कार यांतलं बरंचसं तिथेच कापलं जातं. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो आणि दूरदेशची स्टेशनं त्याच आकड्यावर घुसतात. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे लोक कामावरून परतून रेडिओ लावतात नेमका तेव्हाच खरखराट. एवढं असूनही श्रोते टिकले.

लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये विनापरवाना प्रक्षेपण चालायचं. छोट्या समूहांसाठी नवे परवाने निघाले तेव्हा अवतार लिट यांच्या सनराइज रेडिओने संधी साधली. १९८९च्या नोव्हेंबरात तो चोवीस तास वाजू लागला. पुढे बीबीसीच्या लंडन स्टेशनने सोडलेली १४५८ किलोहर्ट्झ त्याला मिळाली आणि एका उपनगराचा रेडिओ अख्ख्या महानगराचा झाला. लेस्टरमध्ये डॉन कोटक यांच्या सबरस रेडिओने १९९५ साली १२६० किलोहर्ट्झवर जम बसवला. अशा स्टेशनांचं पोट भरायचं ते सोनार, मिठाईवाले, विमान तिकिटं आणि स्वस्त परदेशी फोनकार्डं यांच्या जाहिरातींवर.

रमजान महिन्यापुरत्या चालणाऱ्या रेडिओची सोय आणखी वेगळी. १९९०च्या प्रसारण कायद्यानंतर अल्पमुदतीचे परवाने निघाले: जास्तीत जास्त २८ दिवस, एफएमवर २५ वॅटपर्यंत. ब्रॅडफर्डसारख्या शहरांना तेवढे पुरतात. रोजा महिनाभर, परवानाही जवळपास तेवढाच.

कॅनडातल्या व्हँकूवरची गोष्ट याहून चमत्कारिक. केनियात जन्मलेल्या, लंडनमध्ये बीबीसीत काम केलेल्या शुष्मा दत्त १९७२ साली तिथे आल्या. स्वतंत्र फ्रिक्वेन्सी मिळेना, तेव्हा १९८७ साली त्यांनी ‘रिमझिम’ सुरू केला तो दुसऱ्या एफएम स्टेशनच्या उपवाहक लहरीवर. एफएमच्या संकेतात मुख्य आवाज आणि स्टिरिओ यांच्याही वर, ६७ किलोहर्ट्झपाशी, अशी एक पोटजागा असते. साध्या रेडिओला ती ऐकूच येत नाही. त्यासाठी वेगळा, बहुधा एकाच स्टेशनला बांधलेला संच घ्यावा लागतो. डोंगरांवरून आणि उंच इमारतींवरून परावर्तित लहरी आल्या की यजमान स्टेशनचं संगीत मागे कुजबुजू लागतं. मग संच खिडकीशी हलवा, अँटेना फिरवा, हाच इलाज.

पुढे त्यांना १२०० किलोहर्ट्झचा परवाना मिळाला. पण तोवर काहींनी पळवाट शोधली होती: स्टुडिओ कॅनडात, मनोरा सीमेपलीकडे वॉशिंग्टन राज्यात, ब्लेन किंवा फर्नडेलला. परवाना अमेरिकेचा, श्रोते आणि जाहिरातदार कॅनडाचे. कॅनडाच्या अटी पाळून खर्च सोसणाऱ्यांना ही स्पर्धा साहजिकच अन्यायाची वाटली. २०१४ साली प्रसारण नियामक सीआरटीसीने अशा तीन प्रक्षेपकांना सुनावणीला बोलावलं.

बीबीसीचं एशियन नेटवर्क १९९६ साली पूर्णवेळ झालं आणि २८ ऑक्टोबर २००२ रोजी डिजिटल रेडिओवर देशभर पोचलं. देशभर पोचलं खरं, पण वाट्याला आली सेकंदाला ६४ किलोबिटची तुटपुंजी जागा, तेही मोनो, म्हणजे स्टिरिओशिवाय. मार्च २०१० मध्ये बीबीसीने ते बंद करण्याचा प्रस्तावच मांडला. विरोध झाला, स्टेशन वाचलं, अंदाजपत्रकाला मात्र मोठी कात्री लागली.

या सगळ्यात मराठी कुठे? जवळजवळ कुठेच नाही. बंगाली, गुजराती, पंजाबी, मीरपुरी (काश्मीरमधल्या मीरपूर भागाची बोली) यांना भाषिक कार्यक्रम मिळाले, कारण त्यांचे श्रोते एकेका शहरात दाट वस्तीने होते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, पण पुढे आलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर नोकरीच्या गावी विखुरले. ८३७ किलोहर्ट्झच्या टप्प्यात लेस्टरचे गुजराती सापडले. विखुरलेले मराठी कुठल्याच एका मनोऱ्याखाली पुरेसे सापडले नाहीत. बीबीसीची जुनी मराठी सेवा १९५८ साली बंद झाली. तीही भारतातल्या श्रोत्यांसाठी होती.

सनराइजचं पुढे काय झालं हेही याच हिशेबातलं. २०१४च्या सुरुवातीला कंपनी कर्जाच्या ओझ्याने प्रशासकांच्या हाती गेली. १४५८ची जागा गेली लायका समूहाकडे, म्हणजे परदेशी फोनसेवा विकणाऱ्या उद्योगाकडे, आणि सनराइज हे नाव ९६३ आणि ९७२ किलोहर्ट्झवर हललं.