‘किनाऱ्यावर’ शोधूनही का सापडत नाही: न दिसणाऱ्या चिन्हांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पर्यटनाच्या मजकुरात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द पावलोपावली येतो. चार-पाच जणांनी टाइप केलेला असा मजकूर एका फाइलमध्ये आणून हा शब्द शोधला, तर काही ठिकाणी तो सापडतो आणि काही ठिकाणी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. फॉन्ट बिघडलेला नसतो, शुद्धलेखनही बरोबर असते. मध्ये एक चिन्ह दडलेले असते, जे पडद्यावर जागाच घेत नाही.

गोम ‘ऱ्या’ या जोडाक्षरात आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या. पहिल्यात र रफार होऊन वर चढतो, दुसऱ्यात आडवा होऊन यला चिकटतो. मराठीत या भेदाने अर्थ बदलतो, हिंदीला तो लागत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला एक क्रमांक (संकेत) देणारी व्यवस्था; तिची देवनागरी १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेली आहे. १९९६च्या युनिकोड २.० मध्ये हा आडवा र लिहिण्याची रीत अशी होती: र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (जागा न घेणारे जोडचिन्ह, यू+२००डी), मग य. पुढे ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) घेऊन त्याला हलन्त लावण्याची रीत मुख्य झाली, पण जुनी फाइल मोडू नये म्हणून आधीचीही नियमांत ठेवली गेली. म्हणून ‘किनाऱ्यावर’ आज १० संकेतांचा असू शकतो किंवा ११ संकेतांचा, आणि दिसायला दोन्ही सारखेच. तिसरा प्रकारही आहे: र आणि खाली नुक्ता (टिंब). एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारी प्रक्रिया) चालवले की नुक्त्याचा र आणि ऱ एक होतात, जॉइनरवाला मात्र वेगळाच राहतो.

भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ शिफ्ट-जे वर आहे. पुढे डी (हलन्त), तिरपी रेघ (य) आणि ई (काना) दाबले की ‘ऱ्या’ जॉइनरविना उमटतो.

न दिसणारी चिन्हे दाखवण्याची एडिटरांतली (मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधली) सोय या अडचणीच्या कितीतरी आधीची. १९७०च्या दशकातल्या व्हीआय या एडिटरमध्ये ‘:सेट लिस्ट’ दिले की टॅब आणि ओळीचा शेवट दिसू लागतो. आस्की या जुन्या इंग्रजी संकेतप्रणालीच्या १२८ संकेतांत जी रिकामी जागा होती, तिला तेवढे पुरत असे. नॉन-ब्रेकिंग स्पेस (यू+००ए०) आयएसओ ८८५९-१ या संकेतातून आली. ‘५०० रुपये’ दोन ओळींत तुटू नये यासाठी ती उपयोगी, पण वेबपानावरून दरपत्रक एक्सेलमध्ये चिकटवले की ट्रिम हे जादा स्पेस काढणारे सूत्र तिला हात लावत नाही. तिथे सब्स्टिट्यूट या चिन्ह बदलणाऱ्या सूत्रात कॅर(१६०) द्यावे लागते. वर्डमध्ये ¶ चे बटण दाबल्यावर ती छोट्या गोलासारखी दिसते, साधी स्पेस मधल्या ठिपक्यासारखी.

जॉइनर याहून वेगळा. युनिकोडने ‘व्हाइटस्पेस’ म्हणून २५ चिन्हे ठरवली आहेत, त्यांत तो नाही. नावात स्पेस असलेली झिरो विड्थ स्पेस (यू+२००बी) सुद्धा नाही. त्यामुळे स्पेस दाखवण्याची नेहमीची सेटिंग चालू केली तरी ही चिन्हे दिसतीलच असे नाही, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (नमुना देऊन शोधण्याच्या पद्धतीतला) ‘कोणतीही रिकामी जागा’ हा नमुनाही त्यांना पकडत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ‘ट्रोजन सोर्स’ मांडले: मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे घालून प्रोग्राम दिसतो एक आणि चालतो दुसराच, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘युनिकोड हायलाइट’ आले आणि अदृश्य चिन्हांभोवती चौकट दिसू लागली.

मात्र ती चौकट म्हणजे कचरा, असे मराठी मजकुरात समजू नये. इंग्रजी कोडसाठी लिहिलेली ‘सगळी अदृश्य चिन्हे काढा’ ही आज्ञा आपल्या फाइलवर चालवली की ‘किनार्यावर’ असा रफार चढतो, दऱ्यांचा दर्या होतो. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, आणि नंतर मूळ शब्द कोणता होता हे यंत्राला सांगता येत नाही.

दुरुस्ती करायची तर आधी फाइलची प्रत काढून ठेवावी. व्हीएस कोडच्या शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून बॅकस्लॅश, छोटा यू आणि २००डी असे लिहावे, किती जागा मिळतात ते पाहावे. मग र, हलन्त, २००डी या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. ‘गुऱ्हाळ’, ‘तऱ्हा’ हे शब्दही त्यात आपोआप येतात. त्यानंतर एनएफसी चालवावे. उरलेले जॉइनर एकेक करून तपासावेत: काही ठिकाणी मुद्दाम अर्धे अक्षर दाखवलेले असते, काही ठिकाणी इमोजी जोडलेला असतो आणि जॉइनर काढल्यास त्याची दोन चित्रे होतात. २००सी, म्हणजे नॉन-जॉइनर, ‘वाङ्मय’सारख्या शब्दांत पायमोडका ङ वेगळा दाखवण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो, म्हणून त्याला या फेरीत हात लावू नये. २००बी मात्र मराठी शब्दाच्या मध्ये कुठेही लागत नाही. ती सरसकट काढता येते.