नर्सिंग किती वर्षांत होतं? फॉर्म भरायला येण्याआधी वाचा

"भाऊ, पोरगी लवकर कामाले लागली पाहिजे. कमी दिवसाचा नर्सिंगचा कोर्स सांगा." बारावीचा निकाल लागला की दारव्ह्यातल्या आमच्या फॉर्म भरायच्या केंद्रात रोज पाच-सहा पालक हेच विचारतात. नीट सांगायचं तर अर्धा तास जातो आणि मागे रांग खोळंबते, म्हणून छापूनच देत आहोत.

एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंग ही डिग्री चार. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं आणि हिशेब इथेच चुकतो. जीएनएमनंतर डिग्री हवी असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं लागतात, म्हणजे एकूण पाच. ज्या मुलीकडे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे आणि जिनं सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली आहे, तिनं एक वर्ष वाचवायला जीएनएम घेतलं तर डिग्रीपर्यंत एक वर्ष वाढतंच. आर्ट्सच्या मुलीला मात्र थेट बीएस्सी मिळत नाही, तिला जीएनएमच बरं. घरात कमावणारं कोणी नसेल, सोसायटीचं कर्ज थकलं असेल, तर तीन वर्षांत नोकरी धरून डिग्री मागाहून करावी, असं आम्ही स्वतःच सुचवतो.

काही जण याहून कमी दिवसांचा, एका वर्षाचा कोर्स विचारतात. त्यात पेशंटची देखभाल शिकवतात. त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्सची नोकरी नाही.

आता ज्या चुकीपायी आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त दिवस वाया जातात, ती. कॅपची, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीची, यादी लागायच्या आत घाईघाईनं दुसरीकडे ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट जमा करू नका. मागच्या हंगामात एका मुलीचं बीएस्सीच्या यादीत नाव लागलं. वडील धावत आले, पिशवीतून फाईल काढली, तर आत नुसत्या झेरॉक्स. ओरिजिनल महिन्याभरापूर्वीच एका वर्षाच्या कोर्सला दिलेले. परत मागितले तर पूर्ण फी भरा म्हणाले. आम्ही दोन दिवस फोन करत राहिलो, मुलगी समोरच्या बाकावर बसून होती. मुदत संपली, सीट गेली. आज ती पुन्हा सीईटीचा अभ्यास करते आहे. तीन वर्षं वाचवायला निघालेल्या घराचं एक वर्ष असं गेलं.

जात पडताळणीचंही तसंच. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. सीईटीच्या फॉर्मची मुदत बहुतेकदा निकालाआधीच संपते, हेही लक्षात असू द्या.

"हजेरी लागत नाही, परीक्षेपुरतं या," असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका. बीएस्सीला 80 टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते. कापूस वेचायला मुलगी महिनाभर घरी ठेवली तर वॉर्डातल्या तेवढ्या ड्युट्या नंतर कराव्याच लागतात. सुई टोचायला, बाळंतपण करायला हात बसावा लागतो, त्याला वेळ लागणारच. दुसऱ्या बाजूनं, आजारपणानं किंवा एखादा विषय राहिल्यानं कोर्स लांबला तर लगेच शिक्षण सोडवू नका. बीएस्सी पूर्ण करायला जास्तीत जास्त 8 वर्षांची मुभा आहे. मुलीला हे सांगा, तिला धीर येतो.

काही जण म्हणतात, बाजूच्या दुकानात दहा मिनिटांत फॉर्म भरून देतात, तुम्ही तासभर बसवता. हो, बसवतो, आणि मुलगी सोबत नसेल तर कॉलेजची पसंती भरतच नाही. वॉर्डात रात्रपाळी तिला करायची आहे, तेव्हा तिचं म्हणणं ऐकूनच क्रम लावतो. कोणत्याही कॉलेजकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून फॉर्मची फी तुमच्याकडून घ्यावी लागते. त्याच फीमध्ये सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत यादी आम्ही बघतो आणि नाव लागलं की फोन करतो.

फाईल तपासायचे पैसे नाहीत. अकरावी-बारावीतली मुलगी असेल तर दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर, निवांत या. दहावी-बारावीचे कागद, जातीचा दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला आणि आधार आणा. बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या आत आलात तर गर्दी लागणार नाही.