कवटीला तडा गेला, पण कधी?

नाल्याच्या खोदकामात किंवा शेताच्या धुऱ्यावर मानवी सांगाडा सापडला आणि कवटीला तडा दिसला, की बातमीत 'घातपाताचा संशय' हे शब्द हमखास येतात. पंचनामा होतो, हाडे नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांकडे तपासणीला जातात. तिथे सगळ्यात आधी ठरवायचे असते ते हे, की हाड मोडले केव्हा: जिवंतपणी, मृत्यूच्या आसपास, की त्यानंतर कधीतरी.

जिवंतपणी मोडलेले हाड सांधू लागते. साधारण एक-दोन आठवड्यांत कडा बोथट होऊ लागतात, पुढे त्यावर नवे हाड धरते. असे हाड दिसले म्हणजे जखमेनंतर माणूस काही काळ जगला, हे पक्के. पण मारहाणीनंतर तो तीनच दिवस जगला असेल, तर हाडावर डोळ्यांना दिसेल असे काही उमटत नाही. ती जखम आणि मरतेवेळची जखम सारखीच दिसते.

खरी कसोटी पुढे लागते. हाडाच्या वजनात ६० ते ७० टक्के खनिजे असतात, बाकी मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. खनिजांमुळे हाड कडक राहते, कोलॅजेन आणि ओलावा त्याला थोडे वाकू देतात. ओली पऱ्हाटी वाकवली तर तिरपी फाटते, वाळलेली कट्कन तुटते. हाडाचेही तसेच आहे. ताज्या हाडाची भेग तिरपी किंवा वळसे घेत जाते, कडा गुळगुळीत आणि धारदार राहतात, कधी तुकडा पूर्ण न सुटता आत दबलेला राहतो. कोरडे हाड बहुधा काटकोनात तुटते, त्याच्या कडा खडबडीत असतात. रंगही पाहायचा. वर्षानुवर्षे काळ्या मातीत राहिलेल्या हाडाला मातीचा रंग चढतो. ते आज जेसीबीच्या दाताने मोडले, तर तुटलेली कड फिकी दिसते. एवढ्या एका खुणेने कितीतरी संशय जागच्या जागी मिटतात.

मात्र जीव गेला म्हणून हाड त्याच दिवशी कोरडे होत नाही. काही आठवडे, ओलाव्यात तर काही महिनेही ते ताज्यासारखे मोडू शकते. म्हणजे मृत्यूनंतर आठवड्याने कुत्र्यांनी फोडलेले हाडही ताजे मोडल्यासारखे दिसणार. म्हणूनच अहवालात 'मृत्यूच्या आसपास' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ 'मरताना' असा घेऊ नये. त्या दोन शब्दांवर एखाद्याचे उभे आयुष्य तुरुंगात जाऊ शकते.

इथे नागपूरचे हवामान फार महत्त्वाचे ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, उघड्यावरचे हाड झपाट्याने वाळते. तेच हाड श्रावणात चिखलाखाली असेल तर ओलावा धरून राहते. उन्हात पडलेल्या लांब हाडांना लांबीच्या दिशेने चिरा जातात आणि नवख्या नजरेला त्या वारासारख्या वाटू शकतात. अशा झिजेचे ० ते ५ असे सहा टप्पे ॲना बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये मांडले, तेही केनियातल्या अंबोसेलीतल्या जनावरांच्या हाडांवरून. तिथला काळाचा हिशेब विदर्भाला जसाच्या तसा लावू नये. इथल्या उन्हात आणि इथल्या मातीत हाडांचे काय होते, याच्या नोंदी इथेच व्हायला हव्यात.

वार कसा झाला, हे त्या मानाने स्पष्ट वाचता येते. धारदार शस्त्र सरळ, स्वच्छ खाच पाडते. गोळी कवटीत शिरते तिथे भोक बाहेरून लहान आणि आतून रुंद असते; बाहेर पडते तिथे उलट. एकापेक्षा जास्त वार असतील, तर नंतरच्या वाराची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते, कारण त्या फटीपलीकडे जोर पोचतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन डॉक्टर गेओर्ग पुपे यांनी हा नियम मांडला. पहिला फटका कोणता, हे साक्षीदार नसतानाही त्यामुळे सांगता येते.

गळा दाबल्याचा संशय असेल तेव्हा जिभेखालचे हायॉइड हे नाजूक हाड शोधतात. पण ते मोडलेले नाही म्हणून गळा दाबलाच नाही, असे म्हणता येत नाही. तरुण माणसात तर ते बऱ्याचदा शाबूत राहते. शिवाय त्याची दोन्ही टोके कित्येक प्रौढांमध्येही मधल्या भागाशी जुळलेली नसतात आणि सुटे टोक मोडल्यासारखे दिसते. दोन्ही कडा बारकाईने पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. त्यासाठी ते हाड आधी हाती यायला हवे, म्हणून सांगाडा उचलताना मानेखालची मातीही चाळून घ्यावी लागते.