पान्यात पाइप घालून अ‍ॅक्सल आवळू नका

चिखलदऱ्याच्या घाटात सायकल घालायची तर ‘चाक जाम आवळून घे’, हा सल्ला आमच्याकडे गावोगावी मिळतो. साध्या सायकलच्या लोखंडी नटाला तो एकवेळ चालून जातो. माउंटन बाइकचा थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा, मात्र बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, पोकळ. किती आवळायचा ते बरेचदा त्यावरच छापलेलं असतं, समजा १२ न्यूटन-मीटर. म्हणजे २० सेंटिमीटर पान्याच्या टोकाला साधारण ६ किलोचा जोर. अर्धी बादली पाणी उचलावं, बस तेवढाच! जोर वाढवायला पान्यात पाइप घालणाऱ्या एका गड्याने माझ्या सायकलचे आटेच खाल्ले. नशीब, अ‍ॅक्सल ज्यात आवळतात तो नट वेगळा बदलता आला. आट्यांत वावरातली काळी माती अडकली की पाना जड लागतो, पण पकड बसलेलीच नसते. आधी आटे पुसा, ग्रीसचं बोट फिरवा, मग टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना, लावा.